जहागीरदाराची शेपटी

कार्तिक वद्य १२
सरूला जाऊन आज वीस दिवस झाले. रुखसत संपली, बोरीच्या शाळेत हजर झालो. पोरं गप्प होती. कुणीतरी बजावून पाठवलं असणार. त्यांनी दंगा केला असता तर बरं झालं असतं.
घरी आलो. "आलात का?" नाही. कोनाड्यात काचेची बरणी, बरणीत तिचा मासा. त्याच्या शेपटीला चीर पडली आहे. काल नव्हती. की होती? मी कधी नीट पाहिला तरी होता का?

मार्गशीर्ष शुद्ध २
एक चीर होती, तीन झाल्या.
विनायकानं, सरूच्या धाकट्या भावानं, मागल्या दसऱ्याला हा मासा हैदराबादेहून मांडीवर बरणी धरून आणला. "सयामचा लढवय्या हाय, दाजी." निळा अंगरखा, तांबडी शेपटी, शेरवानीसारखा घोळ. सरूनं नाव ठेवलं जहागीरदार. "काम न धाम, मिजास बघा!" असं म्हणून माझ्याकडे बघायची.
आता घोळ उंदरानं कुरतडल्यासारखा दिसतो. बरणीच्या तळाशी एक शिंपला होता, कड धारदार. त्यालाच घासत असेल. काढून टाकला.

मार्ग. शु. ५
शिंपल्याचा दोष नव्हता. शेपटी आणखी फाटली.
आज तासभर नुसता बघत बसलो. बरणीशेजारी तांब्याचा हंडा. सुतक फिटलं तेव्हा रिवाजाप्रमाणे घरातली मातीची भांडी सगळी बाहेर टाकली. रांजण, माठ, तिची लहान घागरसुद्धा. तेव्हापासून पाणी या हंड्यात. तिच्या लग्नातला आहे. ती घासायची तसाच रोज सकाळी चिंचेनं घासतो, लख्ख करतो. दिवसातलं तेवढं एकच काम मनापासून होतं.
तर त्या लख्ख हंड्यात जहागीरदाराला स्वतःचं तोंड दिसतं. गाल फुगवतो, धावून जातो, काचेवर आपटतो. सापडलं म्हटलं! हंडा आत चुलीपाशी नेऊन ठेवला. फार दिवसांनी जेवण गेलं.

मार्ग. शु. ९
नाही. शेपटीची कड काळी पडली, आत लाल रेघा. बाजूचे परही झडायला लागले. गुरांच्या पाण्याच्या डोणीतल्या डासांच्या अळ्या आणून टाकतो, तोंड लावत नाही. पाणी आता दिवसाआड नाही, रोज बदलतो. हंड्यातलंच, रात्रभर निवळलेलं. याहून काय करायचं?
विनायकाला पत्र टाकलं. ती गेल्यानंतरचं माझं पहिलं पत्र, आणि विषय काय, तर मासा. लाज वाटली. पण दुसरं काही लिहायला हात चालेना.

मार्ग. वद्य १
शेजारची सोनाबाई शेळीचं दूध द्यायला आली. धनगराघरची बाई, मेंढरांचं दुखणं चालीवरून ओळखते. बरणीपाशी उकिडवी बसली.
"मास्तर, पानी कशातलं घालायलाव?"
म्हटलं, हंड्यातलं. तांब्याचं, शुद्ध.
"आमची मेंढरं खंगली की आमी आदी पानी बघताव. ताई तर घागरीतलं घालायच्या. हंड्यातलं कवाच न्हाई."
मी जरा फटकन बोललो, की घागर रिवाजानं गेली, तांब्याच्या पाण्यानं कुणाचं वाईट होत नसतं. ती उठली. जाताना म्हणाली, "तुमी तरी दूध घेत जा."

मार्ग. व. ६
विनायकाचं उत्तर आलं. तिच्याबद्दल दोन ओळी. मग लिहिलंय, "पर सडायलेत असं वाटतं. चिमूटभर खडे मीठ, बदामाच्या झाडाचं वाळलेलं एक पान, बरणी उबेत ठेवा. आणि तांब्या-पितळेतलं पाणी अजिबात नको, माशाला ते विषासारखं. हे मी ताईला बरणी देतानाच बजावलं होतं. ती तुम्हाला बोलली नाही का?"
बोलली असेल. नक्की बोलली असेल. मी "हूं" म्हटलं असेल आणि वह्या तपासत राहिलो असेन.
"अंगात कणकण हाय जरा," हेही ती चार दिवस बोलत होती. त्यालाही मी "हूं"च म्हटलं.
तिच्या हंड्यानं, माझ्या हातानं, रोज चिंचेनं घासून

मार्ग. व. ७
काल पुढे लिहवलं नाही.
सोनाबाईकडून एक मडकं मागून आणलं, विहिरीचं पाणी भरलं. ती "बघा, म्हनलं नव्हतं का" असं म्हणाली नाही. म्हणायला हवं होतं. मीठ, पान, सगळं केलं. दुपारभर बरणी उन्हाच्या कडेला. मासा तळाशी आडवा. कल्ले हलतात.

मार्ग. व. १०
सोनाबाईचं मडकं किती दिवस ठेवणार? कुंभाराकडे गेलो. संक्रांतीची घाई, अंगणभर सुगडं मांडलेली, भोवती बायका. मला बघून बोलणं थांबलं.
"मास्तर, माठ आत्ता कुठला? सुगडं हायती. पाच देऊ?"
दोन पुरेत म्हटलं.
"दोन कुनी न्हेत न्हाई. वाणाला पाच लागत्यात."
मग कुणीतरी त्याला कोपरानं ढोसलं असावं. गुमान दोन दिली. मागल्या साली सरू याच अंगणात होती. घरी येऊन फार रडलो. दोन्ही सुगडांत पाणी भरून ठेवलं आणि मग रडलो.

पौष शुद्ध ४
जहागीरदारानं एक अळी खाल्ली. एकच. सोनाबाईला हाक मारून सांगितलं.
हंडा घासणं बंद केलंय. डागाळायला लागला. सकाळी हात आपोआप चिंचेकडे जातो.

पौष शु. ८
शेपटी अर्धीच उरली आहे. पण आज उन्हात बरणी धरली तर काळ्या कडेपुढे पांढुरकी, बारीक रेघ दिसली, केसाएवढी. नवा पर फुटतोय की नवी बुरशी, कळत नाही. विनायकाला विचारलं तरी उत्तराला दहा-बारा दिवस. सरूनं एका नजरेत सांगितलं असतं.
सोनाबाई दारातून म्हणाली, "काय म्हनतंय तुमचं जनावर?"
वह्या बाजूला ठेवल्या. बरणीपाशी जाऊन बसलो. अजून बसलोच आहे.