मूठभर शेंगांची मीमांसा

स्वस्ति श्री. सकलशुद्धलेखनसाम्राज्यचक्रवर्ती, रक्तमषीप्रहारप्रवीण, विशेषणवनदावानल, खडूचूर्णचर्चितदक्षिणहस्त, जीर्णद्विचक्रारूढ, सीमाप्रांतीय मराठी विद्यार्थिगणाचे प्रथम भयस्थान व अंतिम आश्रयस्थान असे जे आमचे गुरुजी, त्यांच्या चरणी, भालकीनगरस्थ ताम्रपित्तळनिष्कलंकपोलादपात्रविक्रेता, पंचक्रोशीतील यच्चयावत निवृत्तिसमारंभांचा मानपत्रलेखक आणि वयाच्या बावन्नाव्या वर्षी पुनश्च विद्यार्थिदशेस प्राप्त झालेला हा जीव साष्टांग दंडवत घालून निवेदन करतो, की गुरुजी, मला एक निबंध लिहिता येत नाही.

तुम्ही गेल्यास एकतीस वर्षे झाली. इतक्या अवधीत मनुष्याने शहाणे व्हावे अशी अपेक्षा असते. मी त्याऐवजी अर्धवट राहिलेली बी.ए. पुरी करून मुक्त विद्यापीठाच्या मराठी एम.ए.ला नाव घातले. एक रविवार सोडून एक रविवार मी बसने उदगीरच्या अभ्यासकेंद्रात जातो आणि माझ्या मुलीच्या वयाच्या सहाध्यायांसमवेत बाकावर विराजमान होतो. ते मला काका म्हणतात आणि मी बोलू लागलो की आदरपूर्वक भ्रमणध्वनीकडे पाहतात. या सत्रात आम्हांस एक लघुकथा नेमली आहे. कथेत एक बसवाहक आहे. एका बाईचा मुलगा दूरच्या गावी अपघातात गेला आहे, आणि हे वर्तमान तिला कळवण्याचे काम या वाहकावर येऊन पडते. तो तिच्या घरी जातो. ती अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलेली असते. तो बसतो, तिच्याबरोबर शेंगा फोडतो, ऊन उतरल्यावर उठतो आणि काही न सांगता निघून जातो. कथा इथेच संपते. प्रश्न असा: ‘वाहकाच्या मौनाची मीमांसा करा.’ किमान आठ पृष्ठे, किमान पाच संदर्भ, मुदत शनिवारपर्यंत.

पहिली चार पृष्ठे मी एका बैठकीत लिहिली. मौन म्हणजे करुणेचा परमोत्कर्ष, वाहक म्हणजे आधुनिक स्थितप्रज्ञ, शेंगेचे टरफल म्हणजे देह आणि दाणा म्हणजे आत्मा, असा तो पुष्पकविमानातला प्रवास होता. मग मोठ्याने वाचून पाहिले आणि मला दहावीच्या वर्गातला तो दिवस आठवला. तुम्ही माझी वही सगळ्या वर्गादेखत उघडता. रसग्रहणाच्या तीन पानांवर एकही लाल खूण नाही, म्हणून मी मान ताठ करून उभा आहे. शेवटी एवढेच लिहिलेले असते: ‘विशेषणे सगळी तुझी. माणूस कुठे आहे?’ आणि वर तोंडाने, घरच्या बोलीत, अतिशय मायेने: ‘लेका, तू कथेच्या दारात मांडव घातलास. आत कवा जायलास?’ वर्ग हसतो. मीही हसतो. माझा तोच एक गुण आहे.

त्याच तासाला तुम्ही आम्हांला आपली पद्धत सांगितली. कथा घरी जाऊन आईला कानडीत सांगायची. मराठी पुस्तकातले अलंकार त्या वाटेवर आपोआप गळून पडतात, कारण चुलीपुढच्या कानडीत त्यांना जागाच नसते. आई जिथे जिथे ‘मुंद?’ म्हणेल, म्हणजे ‘पुढे?’, तिथे कथानक आहे, ते सोडून द्यायचे. जिथे ती हातातले काम थांबवून ‘याक?’ म्हणेल, म्हणजे ‘का?’, तिथे कथा आहे. लेखणी तिथे टेकवायची. इतकी सोपी समीक्षापद्धती मला एम.ए.च्या सहा ग्रंथांत आढळली नाही. माझी आई आता नाही. म्हणून परवा सकाळी स्वयंपाकघरात जाऊन मी ती कथा सौभाग्यवतीला सांगितली. ती मन्नाएखेळ्ळीची; तिची मराठी कामापुरती आणि तिची कानडी माझा समाचार घेण्यापुरती. ती भाकरी थापत ‘मुंद?’, ‘मुंद?’ करत राहिली. वाहक काही न सांगता निघून गेला म्हटल्यावर तिचे हात थांबले.

‘याक?’

मी करुणेवर व्याख्यान दिले. तिने ते, लग्नसमारंभात माझे सूत्रसंचालन ऐकते तितक्याच सहनशीलतेने, ऐकून घेतले. मग तिने विचारले, आणि तिची कानडी मी येथे मराठीत उतरवतो: ‘फोडलेल्या शेंगा त्यानं खाल्ल्या का?’ मी पुस्तक आणून पाहिले. मधल्या एका परिच्छेदात एकच वाक्य होते: तिने पुढे केलेले मूठभर दाणे त्याने खाल्ले. पाच संदर्भग्रंथांपैकी एकाचेही या वाक्याकडे लक्ष गेलेले नाही. ‘मग संपलंच की,’ ती म्हणाली. ‘तिच्या हातचं खाऊन बसला. आता कुठल्या तोंडानं सांगणार? खायच्या आधी सांगायचं होतं.’ एवढे बोलून तिने भाकरी तव्यावर टाकली. तिने मागे वळून न पाहता विचारले, भाषण संपलं का.

संपले होते, गुरुजी. ती काय बोलून गेली ते तिला ठाऊक नाही. एकतीस वर्षांत मी तिला जनवाड्याची गोष्ट सांगितलेली नाही, कोणालाच नाही.

बी.ए. अर्धवट सोडून मी हिंडत होतो, तेव्हा तुम्हीच मुख्याध्यापकांच्या मागे लागून मला बीदरच्या आपल्या शाळेत कारकुनाची जागा मिळवून दिलीत. सहामाहीचे पेपर तपासता तपासता तुम्ही टेबलावर डोके टेकलेत, तो दिवस मला तासातासाने आठवतो. रुग्णालयात नेईपर्यंत सगळे संपले होते. मुख्याध्यापकांनी मला बाजूला घेतले. त्याला गुरुजींचे घर माहीत आहे, त्यांच्या पत्नीला, अक्कांना, तो मुलासारखा आहे, त्यानेच पुढे जाऊन सांगावे, आम्ही दुपारनंतर जीप घेऊन येतो, असे ठरले. मी बसने तुमच्या गावी, जनवाड्याला, उतरतो. वाटभर वाक्य जुळवत आलो आहे. तेव्हाही माझी वाक्ये लांबच होती. दार उघडे आहे. अक्का चुलीपाशी आहेत, घरात अंबाडीच्या भाजीचा आंबूस वास आहे. मला पाहून त्या उठतही नाहीत.

‘हात धू. भाकरी तव्यावर हाय. हे कामून आले न्हाईत?’

‘पेपर लई हायत, अक्का,’ मी म्हणतो. ‘संध्याकाळपतूर येतेत.’

‘म्हंजे आज बी उपाशीच बसलेत. तू तरी खा.’

आणि मी खाल्ले. दोन भाकरी. हे वाक्य मला कोणत्याही समासात गुंडाळता येत नाही. मी पहाटेपासून उपाशी होतो, भाकरी गरम होती, आणि आधी खाऊन घेऊ, मग सांगू, असा एक अत्यंत व्यवहारी विचार माझ्या मनात आला होता. खाऊन झाल्यावर लक्षात आले की आता सांगता येणार नाही. त्यात करुणा कणभर नव्हती. मी हात धुतले, येतो म्हणालो आणि निघालो. बीदरला मुख्याध्यापकांनी विचारले, ‘सांगितलास का?’ मी म्हणालो, ‘व्हय सर.’ त्यांनी विचारले, काय म्हणाल्या. मी म्हणालो, काही नाही.

जीपमधून सर्वांत आधी मी उतरलो, कारण दाराशी बसलो होतो. अक्का उंबऱ्यात आल्या. मागे काय आहे ते त्यांना अजून दिसले नव्हते, मी दिसलो. त्यांनी मला विचारले, ‘झाले का पेपर?’

त्यांनी हे कधीही कोणाला सांगितले नाही. पुढे बाजारात भेटल्या तेव्हा जेवलास का एवढेच विचारत. मी कारकुनी सोडली, भांड्यांचे दुकान घातले, आणि जनवाड्यावरून जाताना बसमध्ये पलीकडच्या बाजूचे आसन धरू लागलो. अक्का अजून तिथेच आहेत. गुडघे गेले आहेत, कान शाबूत आहेत असे ऐकतो. म्हणजे सांगितले तर ऐकू जाईल. सांगायचे काय, हा प्रश्न राहतो. ‘अक्का, मी भुकेपायी बोललो नाही’ हे वाक्य घेऊन त्या दारात जाण्याचे धैर्य माझ्यात नाही, आणि गेलो तर त्या आधी ताट वाढतील, हे मला पक्के ठाऊक आहे.

निबंधाचे काय झाले ते सांगतो. करुणेची चार पृष्ठे फाडली. नवीन कागदावर एकच वाक्य लिहिले: वाहक बोलला नाही कारण त्याने खाल्ले होते. तुमच्या पद्धतीने ते बरोबर आहे, माणूस त्यात आहे. परंतु नियमावलीनुसार प्रत्येक विधानास ग्रंथ, आवृत्ती व पृष्ठक्रमांक देणे बंधनकारक आहे, आणि या विधानाला मी काय देऊ? रात्र पडण्याआधी मी ते वाक्य काढून टाकले. आता पुन्हा करुणा लिहीत आहे. सहाव्या पृष्ठावर आलो आहे आणि शैली, सांगायला लाज वाटते, उत्तम साधली आहे. हे पत्र मी त्याच कागदांच्या उरलेल्या गठ्ठ्यावर लिहितो आहे आणि ते दुकानातल्या सर्वांत मोठ्या पातेल्यात ठेवून देईन. ते पातेले गेल्या सहा वर्षांत कोणी विकत घेतलेले नाही.

शिवाय एक अडचण आहे. उत्तरे कागदाच्या दोन्ही बाजूंस शाईने लिहावीत असा अभ्यासकेंद्राचा आदेश आहे, आणि हा कागद असा पातळ आहे की एका बाजूचे दुसऱ्या बाजूस उमटते. कागदवाला म्हणतो शाई बदला, शाईवाला म्हणतो कागद बदला, आणि केंद्रावरची बाई दूरध्वनी उचलत नाही.