तासाला किती पडतात

४ जून, मंगळवार
हिचा शनिवारी विक्रेत्यांच्या मेळाव्यात सत्कार! महिन्याची उत्तम विक्रेती. घरातून क्रीम-शाम्पू विकायला लागून वर्षही झालं नाही. वरच्या मजल्यावरची चिडकी बाई — कुणाला दार उघडत नाही — तिनं हिला बसवून चहा पाजला, वर बाटल्या घेतल्या. मी कारखान्यात पगारपत्रकं करणारा. मला फुकटची वस्तूही कुणाच्या गळ्यात मारता येणार नाही. हिच्या जिभेवर साखर, पण खोटं एक अक्षर नाही. "तुमच्या केसांना याचा उपयोग नाही, पैसे घालवू नका," असंही सांगते. म्हणूनच लोक परत येतात.

५ जून
माझी धाकटी बहीण आली होती. शिवणकामाच्या कारखान्यातली नोकरी सोडून हिच्या हाताखाली यायचं म्हणते. हिला या धंद्यात आणणाऱ्या मॅडमनी तिला सांगितलंय — घरबसल्या पगाराच्या दुप्पट. बहीण गेल्यावर ही म्हणाली, "तुम्ही सगळ्यांचे पगार काढता. माझा काढा ना एकदा. खराखुरा."

६ जून
काढला. पडून राहिलेला माल, रिक्षाभाडं, मेळाव्यांची फी, वाटलेले नमुने — सगळं वजा. ही फक्त विक्रीचेच तास धरत होती. मी फोन, घरपोच माल, उधारीच्या चकरा, सगळं धरलं. उत्तर पाहून बेरीज पुन्हा तपासली; तेच आलं. आमच्या कारखान्याचं आवार झाडणाऱ्या मावशींना तासाला याच्या दुपटीहून जास्त पडतात. एवढी राबते ही. कसं सांगू?

७ जून
सांगितलं. कागद दोनदा वाचला. मग "दूध उतू गेलं वाटतं," म्हणत उठली. दूध तापत ठेवलंच नव्हतं.

८ जून, शनिवार
मेळावा. मी मागच्या रांगेत, बहीण शेजारी. मॅडमनी हिला ढाल दिली, मग माईक. "सांगा सगळ्यांना, घरबसल्या किती कमावता!"
हिनं तासाचा आकडा सांगितला. कसा काढला तेही. आवाज जराही न चढवता. "हे काम मला आवडतं. माणसं भेटतात, चार पैसे सुटतात. पण कुणी हातची नोकरी सोडून येणार असेल, तर आधी आपले तास मोजा."
एक टाळी पडली नाही. मॅडमनी माईक काढून घेतला. ही ढाल टेबलावर ठेवून शांतपणे खाली उतरली.
घरी येताना बहीण म्हणाली, "वहिनी, सोमवारी मी कामावर जाते." ही म्हणाली, "जा वन्सं." बस, इतकंच.

९ जून
मॅडमनी हिला विक्रेत्यांच्या गटातून काढलं, मालही बंद. दिवसभर फोन गप्प.
"वाईट वाटतंय?"
"वाटतं की. विकायला छान जमत होतं मला."
खरंच छान जमत होतं.

१० जून
संध्याकाळी दारात मॅडम. भांडायला आल्या असणार म्हणून मी पुढे झालो. त्यांनी मला ओलांडून हिच्यासमोर बिलांनी फुगलेली पिशवी ठेवली.
"माझाही काढून द्याल? सात वर्षांचा हिशेब आहे."