चोचाच्या पाकिटावरची लाल शाई

आधी गुन्हा लिहितो, इस्टेट नंतर. इस्टेट थोडी आहे, गुन्हा मोठा.

ऑक्टोबरात चोचानं टपालानं मत दिलं. चोचा म्हणजे माझ्या बापाची मावशी, जेनेव्हीव्ह. आम्हा पोलिश लोकांत मावशी काय न्‌ आत्या काय, सगळ्या चोचा. वय अठ्ठ्याऐंशी, खुबा मोडलेला, त्यात ही कोरोनाची साथ. टपालाच्या मताला एक साक्षीदार लागतो. त्यानं पाकिटावर सही करायची आणि स्वतःचा पत्ता लिहायचा. साक्षीदार मी. सही नीट केली. पत्त्याच्या जागी लिहिलं: "हिच्या डोक्यावर, जिथून धपधप आवाज येतो." मी वरच्या मजल्यावर राहतो, म्हणून. म्हटलं, निवडणूक कचेरीत कुणीतरी हसेल.

हे मी करायला नको होतं.

आता रीतसर मृत्युपत्र. मी, रँडल पिस्कोर्स्की, वय तेवीस, राहणार मिलवॉकी, विस्कॉन्सिन, धंदा आइस्क्रीमसारख्या कस्टर्डच्या दुकानात कोन भरणे, जाहीर करतो की माझं डोकं ठिकाणावर आहे. ताप एकशे दोन आहे, बोटाला लावायचं यंत्र नव्वद दाखवतंय आणि दुपारी दोनला मला हॉस्पिटलात नेणार आहेत. पण डोकं ठिकाणावर आहे. माझ्यावर कुणी जबरदस्ती केलेली नाही. उलट सगळे म्हणतायत, गप पडून राहा.

एक. घर माझं नाही, चोचाचं आहे. मी फक्त भाडं बुडवतो.

दोन. माझा बोलिंगचा चेंडू तोऊ लोरला. तोऊ माझ्याबरोबर दुकानात काम करतो. भोकं माझ्या डाव्या हाताची आहेत, तुझ्या बोटांना बसणार नाहीत. तरी तूच घे, बाकी कुणाला देववत नाही.

तीन. बर्फात भोक पाडायचं गिरमिट आणि मासेमारीचा तंबू माझा चुलतभाऊ डेल याला अजिबात नाही. डेल, दोन वर्षांपूर्वी माझा पाईक मासा तू स्वतःचा म्हणून हातात धरून फोटो काढलास. तंबू चर्चला द्या.

चार. हे कलम लांब आहे, कारण मी चिडलोय.

कचेरीतल्या बाईंनी ते पाकीट वाचलं, चोचाच्या घराचा नंबर बघितला आणि माझा खरा पत्ता लाल शाईनं भरला. असं करायचं त्यांना वरूनच सांगितलेलं होतं, चार वर्षांपासून. चार वर्षांपूर्वी ह्याच शाईच्या पाकिटांवर हाच साहेब, आताचा राष्ट्राध्यक्ष, इथून जिंकला, तेव्हा शाई चांगली होती. आता हरला, तर शाई बेकायदा! बरं, फेरमोजणी मागितली ती बहात्तर जिल्ह्यांपैकी फक्त दोन जिल्ह्यांत. जिथं तो आपटला तिथं. बाकी सत्तर जिल्ह्यांत काय साक्षीदार देवदूत होते?

मी आणि तोऊ फेरमोजणी बघायला गेलो. दोरीच्या अलीकडून कुणालाही बघता येतं. हरलेल्या साहेबाचा निळ्या कोटातला वकील टेबलापाशी उभा. लाल शाई दिसली की "हरकत!" पुढचं पाकीट, "हरकत!" माणूस आहे का पोपट? मग चोचाचं आलं. त्यानं माझी ओळ मोठ्यानं वाचली. टेबलावरच्या बायका हसल्या. तो नाही हसला. म्हणाला, "बघा. ह्या लोकांच्या मतांची ही लायकी."

मी ओरडलो, "अहो, ते मी लिहिलंय! तिचा काय दोष?"

"हा कोण?" वकील म्हणाला.

"मीच तो धपधप!"

मला बाहेर काढलं. पाकीट हरकतीच्या ढिगाऱ्यात गेलं, आणि ढिगारा राज्याच्या सुप्रीम कोर्टात.

चोचानं छप्पन्न सालापासून एकही निवडणूक चुकवलेली नाही. बाळंतीण असताना गेली, नवऱ्याच्या दफनाच्या दुसऱ्या दिवशी गेली. ती मला खालून विचारते, "माझं मत राहील ना रे?" आणि मी खोकल्याचं निमित्त करतो. वर आणखी ऐका. पाकीट आणि मतपत्रिका तर कधीच वेगळ्या झाल्या. म्हणजे पाकीट बाद झालं की गठ्ठ्यातून डोळे मिटून कुठलीही एक मतपत्रिका काढायची आणि फेकायची. गुन्हा माझा, पाकीट चोचाचं आणि मत जाणार कुणा तिसऱ्याचंच! ह्याला ते कायदा म्हणतात. मी शाळेत दोनदा नापास झालो, पण एवढा नाही.

सबब, त्या वकिलाला माझ्यातर्फे लाल पेनांची एक पेटी द्यावी.

साक्षीदार आले. मागच्या जिन्यावर उभे आहेत, खिडकीच्या काचेपलीकडे: तोऊ आणि आमची टपालवाली डेल्फीन गॅटलिन.

"लवकर लिही रे मरणाऱ्या," डेल्फीन म्हणते. "माझी गाडी चालू ठेवून आलेय."

"मरत नाही तो," तोऊ म्हणतो. "मेला तर शनिवारी कोन कोण भरणार?"

"थांबा," मी म्हटलं, कारण तेवढ्यात रेडिओवर निकाल आला. चार विरुद्ध तीन. दावा फेटाळला. हरकत घ्यायची तर निवडणुकीआधी घ्यायची होती, म्हणाले. मतं राहिली. पण एका न्यायाधीशाच्या फरकानं! एक माणूस पलीकडे गेला असता, तर?

मी जमिनीवर आडवा झालो आणि गरम हवेच्या जाळीतून खाली ओरडलो, "चोचा! राहिलं तुझं मत!"

"देवाची कृपा," खालून आवाज आला.

मग मला राहवलं नाही. सगळं सांगितलं. पत्ता, धपधप, सगळं. मला वाटलं, संपलं, आता घराबाहेर.

"गाढवा," ती म्हणाली. "वर कुणी आहे तुझ्याजवळ?"

"काचेपलीकडे आहेत. तुझं बोलणं त्यांना नाही ऐकू येत."

"मग ऐक. मत मी त्यालाच दिलं होतं."

"कुणाला?"

"ज्याचा वकील ओरडत होता, त्याला."

मी जाळीला कान लावून तसाच पडलो. तिकडे डेल्फीन काच ठोकत होती.

पाच, आणि शेवटचं. चोचानं मत कुणालाही दिलेलं असो, ते तिचं आहे. मी त्याला दिलं नाही, देणारही नाही. पण तिचं पाकीट पुन्हा कुणी उचललं, तर मी पुन्हा दोरीपाशी जाऊन ओरडेन. जिवंत असलो तर.

सही: रँडल पिस्कोर्स्की

साक्षीदार, ज्यांनी मला काचेतून सही करताना पाहिलं आणि आपला पत्ता आपल्या हातानं, घर नंबरासकट, पूर्ण लिहून दिला:
तोऊ लोर
डेल्फीन गॅटलिन
(पत्ते मागच्या बाजूला. तीनदा तपासले.)

मिलवॉकी, सोमवार, १४ डिसेंबर २०२०

ता. क. हे वाचणाऱ्या, तू कुणीही अस, हात जोडतो. चोचाचा नवरा चाळीस वर्षं युनियनचा पुढारी होता. ह्या घरात त्या साहेबाचं नाव घेतलं तरी ताटं आपटतात. रविवारी सगळे तिच्याकडे जेवायला येतात. ती एकटी टेबलाच्या टोकाला बसते आणि सगळ्यांबरोबर मान हलवते. कुणाला सांगू नकोस. डेलला तर मुळीच नको. तुझ्या पाया पडतो, कुणालाही सांगू नकोस.