काचेमागच्या माझ्या हत्यारांची व्यवस्था

मी, खाली सही करणारा, धंद्याने पुस्तकबांधणीकार, आजच्या घडीला जिवंत आहे. मृत्युपत्रात हे वेगळे लिहावे लागत नाही, असे वकीलसाहेब म्हणाले. मी म्हटले, मला लागते. हात थोडा कापतो, तो आजारपणामुळे. डोके ठिकाणावर आहे. पुढचे सर्व मी कोणाच्याही दडपणाविना, राजीखुशीने लिहून ठेवत आहे.

एक. राहते घर पत्नीच्या हयातीत तिचेच. तिच्यामागे मुलगा व मुलगी यांना समसमान. मागचे दार फुगते, त्याला रंधा मारून घ्यावा, लाथ मारू नये. हे मुलासाठी.

दोन. बँकेतील ठेव पत्नीला. ती कशावर खर्च करते हे कोणी विचारू नये. मी विचारून पाहिले आहे, उत्तर मिळत नाही.

तीन. हत्यारे: शिवणीची लाकडी चौकट, दाबाचा शिकंजा, आऱ्या, कागद कापायची सुरी आणि घडी दाबायची हाडाची पट्टी. ही सर्व सध्या विद्यापीठाच्या प्रादेशिक इतिहास व वारसा केंद्रात काचेमागे आहेत. ती तिथे आहेत हे मला गेल्या शनिवारपर्यंत ठाऊक नव्हते.

मी हिवाळाभर इस्पितळात होतो. घरी आल्यावर मुलगा सांगत राहिला, "बाबा, दुकानाची घाई नको, सगळं जागच्या जागी आहे." त्यात केंद्राच्या नव्या प्रदर्शनाचे निमंत्रण आले. पाकिटावर माझे आडनाव आणि पुढे 'कुटुंबीय'. केंद्राची निम्मी जुनी पुस्तके मी बांधली आहेत. वाटले, सत्कार असावा. घरात कोणी नव्हते. इस्त्रीचा सदरा घालून एकटाच गेलो.

दुसऱ्या दालनात माझा शिकंजा उभा होता. आधी वाटले, तसाच दुसरा असेल. मग हाडाची पट्टी दिसली. तिच्या कडेला माझ्या अंगठ्याने पाडलेली खाच आहे. माझा अंगठा खिशातल्या खिशात वळला. शेजारी पाटी: 'पुस्तकबांधणी, एक लुप्त हस्तकला. शेवटचे कारागीर, दिवंगत' आणि पुढे माझे नाव, वडिलांच्या नावासकट, एकही चूक नाही.

ओरडावे की खाली बसावे, कळेना. बाजूच्या बाई नवऱ्याला म्हणाल्या, "अरेरे, गेले वाटतं हे! आपला लग्नाचा अल्बम यांनीच बांधला होता ना?"

"हो. लग्नानंतर वर्षाने दिला."

पाटी लिहिणारी संशोधिका तिथेच होती. मी तिला म्हटले, "ही पाटी माझी आहे."

"म्हणजे? लिहिली तर मी."

"लिहिली तुम्ही. मेलो तो मी."

तिने भिंतीला हात टेकला. मग म्हणाली, "काका, माफ करा. तसं कोणीच सांगितलं नव्हतं, आम्हीच धरून चाललो. घरची माणसं सगळी हत्यारं देऊन गेली, त्या पट्टीसकट. जिवंत माणसाची हत्यारं कोणी देतं का, काका?"

पाटी वाचून मी उभा राहिलो होतो. हे ऐकून मात्र बसलो.

घरी येऊन पत्नीला सांगितले, मी दिवंगत आहे. ती म्हणाली, "मग चहा एकच कप टाकते." आणि पातेले हातात धरून रडू लागली. म्हणजे हिलाही ठाऊक होते.

संध्याकाळी मुलगा आला. "डॉक्टर म्हणाले होते, आशा ठेवू नका. दुकान भाड्याने द्यावं लागलं. भंगारवाला काटा घेऊन दारात उभा होता, बाबा. तुमचा शिकंजा त्याच्या काट्यावर बघवेना मला."

"मग मी बरा झाल्यावर का नाही बोललास?"

"तुम्ही उठून बसलात, पहिलं दुकानाचंच विचारलंत. कुठल्या तोंडाने सांगू?"

राग अजून आहे. तो मी कोणाला वारशात देत नाही, माझ्याबरोबर संपेल.

संचालक म्हणतात, एकदा नोंद झालेली वस्तू केंद्राबाहेर जात नाही. बरे, मग मीच आत जाईन. मुलाने दिलेले रद्द समजावे. हत्यारे आता मी स्वतः, जिवंतपणी, केंद्राला देत आहे. अट एकच. काचेची किल्ली त्या संशोधिकेकडे राहील आणि दर शनिवारी काच उघडून केंद्राची फाटकी पुस्तके याच हत्यारांनी शिवली जातील. "विचार करावा लागेल," संचालक म्हणाले. मी म्हटले, दिवंगताची शेवटची इच्छा आहे. त्यांनी मान्यता लिहून दिली, ती सोबत जोडली आहे. संशोधिकेची शिकवणी आज सुरू झाली. तिचा पहिला टाका वाकडा आला. दुसराही.

चार. दुकान मुलाला. तिथला भाडेकरू म्हणजे समोरचा झेरॉक्सवाला, ज्याला मी जन्मभर 'भोकपाड्या' म्हणत आलो. कागदाला भोके पाडून तार ओवतो आणि त्याला बांधणी म्हणतो. माझे दुकान मिळाले ते नेमके त्याला! पण मी बेशुद्ध असताना तो फळे घेऊन येऊन गेला, असे ही म्हणते. त्याला काढू नये. वकीलसाहेब सांगतात की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही. म्हणून मी त्याला साक्षीदार करत आहे. मानही दिला आणि द्यायलाही काही लागले नाही.

पाच. पाटी. नवी करून देतो, असे संचालक म्हणाले. नको. आज ना उद्या ती खरी होणारच, दोनदा खर्च कशाला? 'लुप्त' आणि 'शेवटचे' हे शब्द तेवढे खरवडून घेतले आहेत. 'दिवंगत'वर मी आज कागदाची पट्टी चिकटवली आहे, स्वतः शिजवलेल्या खळीने. ही खळ ओले फडके धरले की सुटते, खालच्या अक्षराला ओरखडा येत नाही. मी गेल्यावर ती पट्टी मुलानेच काढायची, दुसऱ्या कोणी नाही. ओढू नये, पाणी मुरू द्यावे. आणि या वेळी आधी खात्री करून घ्यावी.

ठिकाण: केंद्राचे दुसरे दालन, काचेसमोर.
तारीख: प्रदर्शन उघडल्यानंतरचा पहिला शनिवार.

लिहून ठेवणार: पाटीवर नाव आहे तोच. (सही)

आम्हां दोघांसमक्ष त्यांनी सही केली. त्या वेळी ते जिवंत होते.
साक्षीदार: केंद्राचा रखवालदार (सही)
साक्षीदार: समोरचा झेरॉक्सवाला (सही, कागदाला भोक पाडू दिले नाही)