न पाठवलेल्या मेलबद्दल

आदरणीय ताई,

नमस्कार. तुमचा उजवा गुडघा आता जिना चढू देत असेल आणि डोळ्यांचे थेंब तुम्ही वेळेवर घालत असाल अशी आशा करतो. माझी तब्येत ठीक आहे. (पत्राच्या सुरुवातीला असं लिहितात म्हणून लिहिलं. खरी हकीकत खाली येईलच.) गेल्या एकतीस वर्षांत मी तुम्हाला पत्र लिहिल्याचं आठवत नाही. लिहायची ती तुमची बहीणच, आणि शेवटी ‘ह्यांचा नमस्कार’ असं माझ्या वतीने परस्पर टाकून द्यायची. तेव्हा पाकिटावरचं माझं अक्षर पाहून दचकू नका. कुणी आजारी नाही. जे व्हायचं ते चार महिन्यांपूर्वी होऊन गेलेलं आहे.

तीन आठवड्यांपूर्वी सकाळी फोन वाजला आणि एका बाईंनी तुमची बहीण आहे का, असं विचारलं. मी म्हणालो, ती नाही. कधी येतील, असं त्यांनी विचारलं. या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं ते मला अजून जमलेलं नाही. मी म्हणालो, नक्की सांगता येत नाही. मग कळलं की या बाई तिच्या जुन्या कचेरीतल्या, म्हणजे पाणी तपासायच्या प्रयोगशाळेतल्या, आणि तिथला मेलचा सर्व्हर सांभाळणाऱ्या. (सर्व्हर म्हणजे सगळ्यांच्या मेल जिथे येऊन पडतात ते यंत्र. ते जिन्याखालच्या खोलीत असतं आणि दिवसरात्र गुणगुणतं, असं ती सांगायची.) निवृत्त झालेल्यांनाही तिथला पत्ता ठेवू देतात. पण इतकी वर्षं सगळ्यांचे पासवर्ड तारेवरून उघडेच जात होते, वाटेत कुणीही वाचून घ्यावेत असे. आता महिनाअखेरच्या शनिवारी दुपारी बारा वाजता ते जुनं दार बंद होणार, जुने पासवर्डही रद्द होणार, आणि ज्याने त्याने आपल्या कॉम्प्युटरवर कुलपाच्या दाराने जायची नवी व्यवस्था करायची. ज्यांनी केली नाही त्यांची खाती पुसून टाकणार. मी विचारलं, आतल्या पत्रांसकट? त्या म्हणाल्या, सकट. तेव्हा मात्र मला खरं सांगावं लागलं. त्या म्हणाल्या, “काका, पासवर्ड कुठे लिहून ठेवलाय का बघा.”

पासवर्ड तिच्या चष्म्याच्या घरात सापडला, घडी घातलेल्या चिठ्ठीवर. चष्माही आत होता. मी फक्त चिठ्ठी घेतली.

मागच्या खोलीतला तिचा कॉम्प्युटर सुरू करून मी बाईंनी सांगितलेले आकडे एकेका रकान्यात भरले. येणाऱ्या मेलचं दार नऊशे त्र्याण्णव, जाणाऱ्या मेलचं चारशे पासष्ट. शेवटचं बटण दाबलं तर पडद्यावर पिवळी पाटी आली: या सर्व्हरची ओळख पटत नाही, तरीही पुढे जायचं का? मी बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, “हो म्हणा हो, सगळे हो म्हणतात.” मी विचारलं, सर्व्हरला प्रमाणपत्र कुणी दिलं आहे? त्या म्हणाल्या, आमचं आम्हीच. आता ताई, मी चौतीस वर्षं दुकानादुकानांतून वजनकाटे तपासत फिरलेला माणूस. दुकानदाराने स्वतःच्या काट्यावर स्वतःच शिक्का मारायचा आणि गिऱ्हाइकाने हो म्हणायचं, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं. मी दोन दिवस अडून बसलो. शेवटी असं निघालं की त्या प्रमाणपत्राला ठसा असतो, चौसष्ट अक्षरं आणि आकड्यांचा, आणि खरा ठसा बाईंपाशी आहे. मी म्हणालो, वाचून दाखवा. त्या फोनवर वाचत गेल्या, मी पडद्याशी ताडून पेन्सिलीने खुणा करत गेलो. एकसष्टाव्या अक्षराला त्यांना शिंक आली, म्हणून पुन्हा पहिल्यापासून घेतलं. अकरा वर्षांत हे विचारणारे तुम्ही पहिलेच, असं त्या म्हणाल्या. (कौतुक म्हणून म्हणाल्या नसाव्यात.) यंत्राची ओळख पटवून घ्यायला मी दोन दिवस घालवले. माणसाची ओळख विचारायची मात्र राहून गेली. ते आता सांगतो.

हो म्हटल्यावर तिच्या मेल खाली उतरू लागल्या. नऊ हजारांच्या वर होत्या. मी वाचत नव्हतो, नुसता आकडा चढताना पाहत होतो. दुपारचे चार वाजून गेले होते. डाव्या बाजूला ‘मसुदे’ म्हणून एक कप्पा आहे, लिहून ठेवलेल्या पण न पाठवलेल्या मेलचा. मघापर्यंत त्यात एक कोरा मसुदा होता. चार वाजून दहा मिनिटांनी त्याच्यात एक शब्द आला. ‘मागची’. मी कळफलकाला हात लावलेला नव्हता. मिनिटभराने तिथे ‘मागची खिडकी उघडीच’ असं झालं, आणखी मिनिटाने ‘मागची खिडकी उघडीच राहिली. धूळ येते.’ लिहिणाऱ्याच्या जागी तिचं नाव होतं.

मी मागच्या खिडकीपाशीच बसलो होतो आणि ती उघडी होती.

मी उठलो आणि खिडकी लावली. दुसरं काय करणार?

भीती वाटली का, असं विचाराल तर पहिल्या दिवशी वाटली. दुसऱ्या दिवशी साडेतीनलाच दाढी करून, धुतलेला शर्ट घालून मी खुर्चीत बसलो होतो. बरोबर चार दहाला कालची ओळ पुसली गेली आणि नवी आली: ‘गोळ्या संपत आल्या.’ मी जाऊन रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी पाहिली. दोन उरल्या होत्या. तिसऱ्या दिवशी कुंडीत पाणी फार झाल्याचं आलं. गॅलरीत जाऊन बघतो तर कुंडीखालची ताटली भरून फरशीवर ओघळ. चौथ्या दिवशी आलं, ‘तो राखाडी स्वेटर आता टाकून द्यायला हवा.’ तो माझ्या अंगात होता. मी तसाच खाली गेलो आणि रखवालदाराला देऊन आलो. (त्याचे अजून दोन हिवाळे निघाले असते. पण मला वाद घालायचा नव्हता.) लग्नाच्या एकतीस वर्षांत तिचं जेवढं ऐकलं नाही तेवढं मी त्या आठवड्यात ऐकलं. घर कधी नव्हतं इतकं नीट झालं. शेजारच्या निवृत्त परिचारिकाबाई जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, बरे दिसताय, कुणी आलंय वाटतं राहायला? मी हो म्हणालो.

आठव्या दिवशी मला वाटलं की तिचं सगळं ऐकून पोच न देणं बरं नाही. त्या ओळीखाली मी लिहिलं: ‘खिडकी लावली. गोळ्या आणल्या. स्वेटर टाकला.’ आणि जतन करा असं बटण दाबलं. पाच मिनिटांनी मसुदा कोरा झाला. मग दिवसभर कोराच राहिला. दुसऱ्या दिवशी चार दहा झाले, चार वीस झाले. मला वाटलं आपण बोललो आणि बिघडवलं, नेहमीसारखंच. साडेचारच्या सुमारास अक्षरं येऊ लागली. इतकी थांबत थांबत, की प्रत्येक शब्दाला कुणीतरी श्वास घेत असावं. ‘पोस्टपेटी वेळेवर जेवते का? रविवारी फोन केला तर आतून दोनदा हो आणि एकदा बरं, एवढंच पडलं.’

ताई, रविवारी मला फोन एकच व्यक्ती करते. मी बरा आहे का, तर हो. जेवलो का, तर हो. मग ठेवते, तर बरं. हिशोब बरोबर होता. म्हणजे लिहीत होतात त्या तुम्ही. तुमच्याकडे आता मेलचा पत्ता नाही, हे मला ठाऊक होतं. मागे शाळेत नोकरीला असताना तुम्ही बहिणीला लिहिलेली मुख्याध्यापकांबद्दलची मेल सगळ्या शिक्षकांना गेली होती, तेव्हापासून तुम्ही पाठवायच्या बटणाला हात लावत नाही, हेही ठाऊक होतं. पण त्यावर उपाय म्हणून तिने स्वतःचंच खातं तुमच्या मोबाइलमध्ये घालून दिलं, आणि तुम्ही दोघी इतकी वर्षं एकाच मसुद्यात लिहीत, वाचत आणि पुसत होतात, हे मला तिने कधी सांगितलं नाही. (मला तुम्ही दोघी पोस्टपेटी म्हणता, हेही सांगितलं नाही. सगळं आत घेते, बाहेर काही देत नाही म्हणून असेल. नाव अचूक आहे. तक्रार नाही.) ती गेल्यावरही तुम्ही रोज चार दहाला लिहीत राहिलात आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच पुसत राहिलात. खिडकी तुमच्या घरची होती. गोळ्या तुमच्या, कुंडीही तुमचीच. स्वेटरसुद्धा.

इथे मी थांबायला हवं होतं. फोन उचलून सांगायला हवं होतं की ताई, तो मी. त्याऐवजी मी लिहिलं: ‘जेवतात. भाजीत मीठ विसरतात, पण खातात.’

तिच्या नावाने. तुम्ही कोण आहात हे ठाऊक असताना.

असं नऊ दिवस चाललं. माफी मागायची ती याची. फसवायचं मनात नव्हतं, पण वजनकाट्याच्या खटल्यात प्रत्येक दुकानदार हेच म्हणायचा, त्यामुळे ते बाजूला ठेवतो. एक मात्र सांगतो. मला स्वतःबद्दल कधी काही बोलता आलं नाही, पण तिच्या जागी बसून येऊ लागलं. ‘त्यांना झोप लागत नाही,’ असं मी लिहिलं. ‘चहा अजून दोन कप टाकतात आणि एक ओतून देतात.’ ‘माझी उशी जागची हलवलेली नाही.’ शेवटचं लिहून मी खोलीतून बाहेर गेलो. परत आलो तेव्हा खाली तुमची ओळ होती: ‘असू दे म्हणावं. घाई काय आहे.’ आणि दोन दिवसांनी तुम्ही तिला जे लिहिलंत ते मी वाचायला नको होतं: ‘फोनवर त्यांना काय विचारावं ते कळत नाही म्हणून मी लवकर ठेवते.’

काल सर्व्हरच्या बाईंचा फोन आला. तुमच्या बहिणीच्या खात्यात जुन्या दाराने दुसरं कुणीतरी रोज शिरतंय, असं त्यांच्या नोंदीत दिसलं म्हणून त्या काळजीत होत्या. “आत्ताच बाहेर काढू का, काका?” मी म्हणालो, थांबा, ते माणूस घरचं आहे. त्यांनी विचारलं, “ओळख पटलीये ना नक्की?” मी म्हणालो, हो. नाहीतरी शनिवारी दार बंद झालं की तुमचा मोबाइल बाहेर राहणारच होता. मी काहीच केलं नसतं तर चार दहाला तुम्हाला पासवर्ड चुकीचा असल्याची पाटी दिसली असती, आणि बहीण दुसऱ्यांदा गेली असं तुम्हाला वाटलं असतं. मला कधीच काही सांगावं लागलं नसतं. हा विचार मी पूर्ण एक संध्याकाळ केला, हेही कबूल करतो. सकाळी कागद घेऊन बसलो.

तेव्हा ताई, ते उत्तर देणारं कुणी नव्हतं. मीच होतो. तुम्हाला जे वाटलं असेल ते वाटू दिलं, त्याबद्दल क्षमा करा.

आपला,
(खाली नाव लिहायची सवय नाही. पत्ता पाकिटामागे आहे.)

ता. क. तुमच्या मोबाइलसाठी बाईंनी वेगळा नवा पासवर्ड दिला आहे. तो उद्या दुसऱ्या पाकिटातून येईल. कुलूप आणि किल्ली एकाच पाकिटात घालू नयेत, असं त्यांनी बजावलं आहे. दाराचे आकडे आणि चौसष्ट अक्षरांचा ठसा मागच्या पानावर आहे. पिवळी पाटी आली तर एकेक अक्षर ताडून पाहा, आणि जुळल्याशिवाय हो म्हणू नका, कुणीही सांगितलं तरी.

आणखी एक. खरं म्हणजे पत्र यासाठीच आहे. शनिवारनंतरही लिहीत जा. तिलाच लिहा, मला नको. मी वाचीन, आणि उत्तर द्यायचं झालं तर खाली ‘मी’ असं लिहीन म्हणजे घोटाळा व्हायचा नाही. लिहिणार नसाल तर दुसरं पाकीट न फोडता परत पाठवा. मी समजेन.

शेवटचं. परवा सकाळी अकराच्या सुमारास मी आदल्या दिवशीच्या ओळी पुसायला म्हणून कॉम्प्युटर उघडला तेव्हा मसुद्यात ओळ होती: ‘माझ्या नावाने पुरे झालं. फोन करा.’ तुम्ही चारच्या आधी कधी लिहीत नाही, पण परवा लिहिलं असेल. ती ओळ तुमची असेल तर तुम्हाला हे सगळं आधीच कळलेलं आहे आणि मी कागद वाया घालवले. तुमची नसेल तर मला कळवू नका. रविवारी फोन मी करीन. उचलल्यावर थोडा वेळ पलीकडून काहीच ऐकू आलं नाही तरी ठेवू नका. मीच असेन.