क्रुशीनाची साल मुरेपर्यंत

प्रिय बोझेना,

दर फोनला तू बाबांच्या पोटाची चौकशी करतेस आणि ते "ठीक आहे" म्हणून विषय बदलतात. म्हणून शेजारीण या नात्यानं मीच लिहिते. पोट उत्तम आहे. गेल्या वसंतात मात्र काही केल्या साफ होईना. तेव्हा ते ओढ्याकाठच्या क्रुशीनाच्या झुडपांची साल सोलून माझ्या दारात उभे राहिले. बाहेरून करडी, आतून पिवळीधमक. म्हणाले, "लिओकाडिया, एवढी उकळून द्या."

मी ओरडलेच. "वालेंटी, ताजी साल प्यालात तर आतडी तोंडातून बाहेर येतील! तिच्यातली द्रव्यं जहाल असतात, हवा लागून मवाळ व्हायला वर्ष जातं." औषधाच्या दुकानातली मुलगी त्यांना अँथ्रोन की काय म्हणते. साल मी माळ्यावर पसरली आणि त्यांना सुक्या आलुबुखारांचं सूप पाजलं. पोट तेवढ्यानंच साफ झालं.

तरी दर शनिवारी स्वारी हजर, "साल बघायला". माळ्यावर चढायचं, एक तुकडा हुंगायचा, "अजून कच्चीच वाटते" म्हणायचं आणि चहाला बसायचं. बटाट्याची धिरडी खाता खाता माझं फाटक दुरुस्त झालं, धुराडं साफ झालं. मीही शनिवारी बरा रुमाल बांधू लागले, हसू नकोस.

परवा वर्ष भरलं. मी पुडी पुढे ठेवली, "घ्या, मुरली." त्यांचा चेहरा उतरला. मग तुझ्या आईची आठवण काढून हळूच म्हणाले, "आमची अपोलोनिया हीच साल भट्टीत तापवून तासाभरात तयार करायची."

"मग वर्षभर गप्प का बसलात?"

"भट्टी तुमच्याकडे नव्हती का? ही युक्ती तुम्हालाही ठाऊक होतीच, तुम्ही तरी कुठे बोललात?"

बाई गं, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो आम्ही. आणि हसता हसताच त्यांनी मला लग्नाचं विचारलं. मी हो म्हटलंय, पण तुझ्या शब्दावाचून पुढे जायचं नाही, असं दोघांचंही ठरलंय.

तुला सांगायला त्यांनी कितीदा फोन उचलला, आणि तिकडचं हवामान विचारून ठेवला. म्हणून हे पत्र. तुझ्या आईच्या भांड्याकुंड्यांना मी हात लावणार नाही. तेच माझ्याकडे राहायला येतील. तुझ्या मनाला पटत नसेल तर मोकळेपणानं तसं लिही, मी रागावणार नाही. पटत असेल, तर बाबांना फोन कर आणि या खेपेला त्यांना हवामानावर जाऊ देऊ नकोस.

तुझीच,
लिओकाडिया काकू
(दुसरं काही म्हणायची सक्ती नाही.)