श्रीवर्धनच्या सुपारीला सोनईच्या गोधड्या

आयुष्मती पुष्पावती हिला थोरल्या बहिणीचा, म्हणजे कलाबाईचा, सोनईहून सप्रेम जयभीम. गुडघा कसा आहे, शेळी व्याली का आणि राग उतरला का? तू फोन उचलत नाहीस म्हणून ही पत्राची उठाठेव. मी सांगतेय, नात अश्विनी लिहितेय, तिकडे नेवाशात तुझी सून वृषाली वाचेल. (वृषाली बाळ, सासूने तोंड फिरवलं तरी वाचत राहा. कान फिरवता येत नाहीत.)

आधी भांडणाचं. लहानपणी पाटाच्या पाण्यात पाय सोडून बसलो असताना आपलं ठरलं होतं, समुद्र बघायचा तो दोघींनी मिळून. मान्य. पण माझ्या नातवाने, महेंद्रने गाडी काढली तेव्हा मी तुला विचारलं होतं. तू म्हणालीस, "नको बाई, गुडघा दुखतोय." मी म्हटलं, बरं. आता गावभर सांगत फिरतेस, थोरलीने एकदाच विचारलं! अगं, आपल्यात पहिलं नको हे नको नसतं, ते मला ठाऊक आहे. पण जन्मात एकदा तू खरं बोलली असशील असं वाटलं, तिथे फसले.

श्रीवर्धन हे पेशव्यांचं मूळ गाव, लोक तिथे हवा खायला जातात. (आपल्याकडे ती घरबसल्या मिळते, धुळीसकट.) टाळेबंदीतल्या वादळात तिथल्या नारळी-पोफळी आडव्या झालेल्या मी टीव्हीवर बघितल्या होत्या. अशा ठिकाणी रिकाम्या हाताने कसं जायचं? जुनी लुगडी काढून गोधड्या शिवल्या, बाजरीचं पीठ बांधून घेतलं. महेंद्र म्हणाला, "आजी, वादळाला पाच वर्षं झाली." म्हटलं, "मग पाच वर्षं गारठलीत की ती माणसं!"

उतरलो दमयंतीबाईंकडे. त्यांच्या वाडीतली सगळी सुपारी वादळाने नेली. आता घरात पाहुणे ठेवतात आणि त्यावर नवी रोपं वाढवतात. मी गोधड्या पुढे केल्या तेव्हा बाईंच्या कपाळावरून घाम ओघळत होता. हात लावून म्हणाल्या, "छान आहेत हो," पण तोंड तापल्या तव्याला हात लागल्यासारखं.

जेवायला घावन. "अजून घालू?" मी रीतीने "नको" म्हटलं आणि ताट जरा पुढे सरकवून वाट बघत बसले. बाई "बरं" म्हणून तवा उतरवून मोकळ्या! पुष्पे, तिकडे नको म्हणजे नको. रीत पाळता पाळता अर्धपोटी झोपले, तुझी लई आठवण आली. (अश्विनी, 'लई' खोडून 'खूप' लिहू नको.) दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याच चुलीवर भाकरी थापल्या. बाईंना "अजून?" विचारलं, त्या "नको" म्हणाल्या. तरी वाढली. खाल्ली की!

मग वाडीत गेले तर माझ्या गोधड्या बांबूंना बांधून रोपांवर टांगलेल्या! आईच्या लुगड्याचा काठ असलेलीसुद्धा. माझं टाळकंच फिरलं. बाई खाली मान घालून म्हणाल्या, "रागावू नका आजी. सुपारीच्या रोपाला ऊन सोसत नाही. आधी मोठ्या झाडांच्या सावलीत वाढायची. आता सावलीच राहिली नाही." गाठी सैल होत्या, त्या आवळून दिल्या. आईच्या लुगड्याखाली आपण दोघीही वाढलोच ना.

समुद्राचं म्हणशील तर काही विशेष नाही. पाणी येतं, जातं, पुन्हा तेच येतं. एका बोलावर ठरत नाही, तुझ्यासारखं. वर खारट. तुझं काही बुडालं नाही.

तुझी थोरली,
कलाबाई
(अंगठ्याशेजारचा डाग शाईचा आहे, कालवणाचा नाही.)

ता. क. जुनी लुगडी काढून ठेव. ऊन तापतंय आणि वाडीतली निम्मी रोपं अजून उघडी आहेत. आणखी गोधड्या आणते असं मी दमयंतीबाईंना सांगून बसलेय. शिवायला दोघी बसू.

पुन्हा ता. क. समुद्र खारट आहे हे मला महेंद्रने सांगितलं. मी वाळूतच उभी होते, चपला घालून. सगळ्यांनी तीन-तीनदा बोलावलं, "आजी, पाण्यात या." नाही गेले. आपलं दोघींचं ठरलंय ना. तर, येतेस का? हे पहिलं विचारणं. तू नको म्हणशील. दुसऱ्यांदा विचारायला रविवारी नेवाशाला येते. तिसऱ्यांदा गाडी घेऊनच येईन, तेव्हा गुडघा तयार ठेव.